चार चंचुपात्रांची नोंद

कोल्हापुरातील एका महाविद्यालयात मी ३१ वर्षे भौतिकी रसायनशास्त्र शिकवले. निवृत्तीनंतर गेली चार वर्षे मी आंतरजालावरील एका खुल्या मराठी ज्ञानकोशासाठी रसायनशास्त्राच्या नोंदी तपासते. हे काम विनामोबदला आहे आणि बहुतेक वेळा ते साधेच असते. कोणी 'अणू' आणि 'रेणू' यांची गल्लत केलेली असते, कोणी एखाद्या क्षाराचे सूत्र चुकवलेले असते, तर कोणी इंग्रजी पाठ्यपुस्तकातील परिच्छेद शब्दशः उतरवून मराठीची मोडतोड केलेली असते. अशा नोंदी दुरुस्त करायला फारसा विचार लागत नाही. गेल्या पावसाळ्यात मात्र एक नोंद अशी आली, की तिचा निर्णय करायला मला जवळजवळ तीन महिने लागले, आणि त्या काळात मी माझ्या विषयाविषयी जे शिकले ते वर्गात शिकवताना शिकले नव्हते.

नोंद लिहिणारा तरुण माझा जुना विद्यार्थी होता. बी.एस्सी.ला तो माझ्या वर्गात होता आणि पुढे त्याने पदार्थांच्या पातळ थरांवर पीएच.डी. केली. काचेच्या पट्टीवर अर्धवाहक संयुगाचा अतिशय पातळ थर चढवण्याच्या एका पद्धतीत त्याने व त्याच्या मार्गदर्शकांनी एक फेरफार केला होता, त्या फेरफाराला स्वतंत्र नाव दिले होते आणि तयार झालेला थर काही वायू ओळखण्यास कसा उपयोगी पडतो हे दाखवले होते. त्याची ओळख पटेल असे तपशील, म्हणजे संयुग, वायू आणि ते नाव, मी येथे मुद्दामच देत नाही. नोंद नीटनेटकी होती, मराठी स्वच्छ होते, आकृत्या त्याने स्वतः काढल्या होत्या आणि शेवटी २६ संदर्भ होते. मी ती दोनदा वाचली, अभिक्रिया तपासल्या, विद्राव्यतेची गणिते पडताळली. सगळे बरोबर होते. मी नोंदीखाली 'ठेवावी' असा शेरा लिहिला. आमच्या पद्धतीप्रमाणे तपासनिसाने लेखकाशी असलेला संबंध उघड करायचा असतो, म्हणून तो माझा विद्यार्थी आहे हेही लिहिले. माझ्या मते काम संपले होते.

प्रत्येक नोंदीला दुसरा तपासनीस असतो आणि तो शक्यतो त्या विषयाबाहेरचा असावा असा आमचा नियम आहे. या नोंदीला सांगलीचे एक निवृत्त इतिहासशिक्षक होते. त्यांनी फोन केला आणि नेहमीच्या शांत आवाजात म्हणाले, "बाई, रसायन बरोबर आहे हे मी तुमच्या शब्दावर मान्य करतो. पण हे काम महत्त्वाचं आहे, असं संशोधकाच्या आणि तुमच्या पलीकडच्या कोणी म्हटलं आहे का?"

मला उत्तर देता आले नाही. मी नोंद तपासली होती ती परीक्षकाच्या नजरेने, प्रबंध तपासावा तशी. प्रयोग बरोबर आहे का, निष्कर्ष पुराव्यातून निघतो का, हे प्रश्न मी विचारले होते. हे प्रश्न शोधनिबंध प्रसिद्ध करणाऱ्या नियतकालिकाचे आहेत. सर्वसाधारण ज्ञानकोशाचा प्रश्न त्यांच्यानंतर सुरू होतो. एखादी गोष्ट खरी आहे एवढ्यावर तिला कोशात जागा द्यायची ठरवली, तर रसायनशास्त्रापुरतेच बोलायचे तरी कोश कधी संपणार नाही. अमेरिकेतील केमिकल अ‍ॅब्स्ट्रॅक्ट्स सर्व्हिस ही संस्था जगभरातील रासायनिक पदार्थांची नोंदवही ठेवते, आणि त्या वहीत २० कोटींहून अधिक पदार्थ आहेत. त्यांतील बहुतेक पदार्थ कोणीतरी मेहनतीने बनवलेले किंवा वेगळे केलेले आहेत आणि त्यांच्याविषयी लिहिलेले बहुधा खरेच आहे. तरीही त्यांतील फार थोडे पदार्थ असे आहेत, की ज्यांच्याविषयी रसायनाशी संबंध नसलेल्या वाचकाला काही सांगता येईल.

छापील कोशांच्या काळात हा निर्णय काही प्रमाणात कागदच करत असे. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी १९२०च्या दशकात महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे खंड काढले, किंवा तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाईहून मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली आला, तेव्हा पाने मोजकी होती. एका नोंदीला जागा द्यायची तर दुसरीची काढून घ्यावी लागे. आंतरजालावरील कोशाला पानांची टंचाई नाही, त्यामुळे 'जागा नाही' असे सांगून कोणाला परत पाठवता येत नाही. कारण सांगावे लागते, आणि ते कारण नोंद लिहिणाऱ्यालाही पटेल इतके स्पष्ट असावे लागते.

दुसऱ्या आठवड्यात मी शिवाजी विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात जाऊन बसले. पाऊस लागून राहिला होता आणि वाचनकक्षात फारसे कोणी नव्हते. त्या २६ संदर्भांचे मी एकेक करून गठ्ठे केले. सतरा निबंध स्वतः त्या तरुणाचे, त्याच्या मार्गदर्शकांचे किंवा त्यांच्याबरोबर काम केलेल्यांचे होते. एक एकस्वाचा, म्हणजे पेटंटचा, दाखला होता. एक वृत्तपत्रातील बातमी होती. उरलेले सात निबंध बाहेरच्या प्रयोगशाळांचे होते, आणि नोंदीचा सगळा भार त्या सातांवर आहे हे माझ्या लक्षात आले.

त्यांतील सहा निबंधांमध्ये त्याच्या कामाचा उल्लेख प्रस्तावनेतील एकाच वाक्यात होता. ज्यांनी शोधनिबंध वाचले आहेत त्यांना हे वाक्य ओळखीचे असेल: 'असे थर चढवण्याच्या अनेक पद्धती आहेत', आणि पुढे एका ओळीत दहा-पंधरा संदर्भांचे क्रमांक. अशा उल्लेखाने निबंधाची उद्धरणसंख्या वाढते, पदोन्नतीच्या अर्जात ती मोजलीही जाते, परंतु उल्लेख करणाऱ्याने त्या कामाविषयी काहीही सांगितलेले नसते. ते चांगले आहे, वेगळे आहे, कुठे कमी पडते, यांपैकी एक शब्दही तेथे नसतो. मला वाटते, उद्धरणांची संख्या पाहून महत्त्व ठरवणे ही आपल्याकडची सर्वांत घट्ट बसलेली चुकीची सवय आहे. मीही ती अनेक वर्षे बाळगली होती. सहा निबंध प्रत्यक्ष उघडून ती ओळ शोधण्यास एक दुपार लागली, आणि ती दुपार मी वाया गेली असे मानत नाही.

सातवा निबंध वेगळा होता. परदेशातील एका प्रयोगशाळेने त्याची पद्धत स्वतः करून पाहिली होती, तिची मूळ पद्धतीशी तुलना केली होती आणि त्याचा मुख्य निष्कर्ष खरा ठरल्याचे अर्ध्या स्तंभात नोंदवले होते. येथे मी बराच काळ अडले. विज्ञानात याहून मोठी पावती कोणती? ज्याला तुमचे काही देणे नाही अशा माणसाने तुमचा प्रयोग करावा आणि तुमचेच उत्तर त्याला मिळावे, याकरिता तर प्रत्येक संशोधक लिहितो. परंतु तो निबंधही प्रयोग करणाऱ्याने स्वतःच्या प्रयोगाविषयी लिहिलेला, म्हणजे प्राथमिक साधनच होता. त्याच्या आधारे आपण एवढेच म्हणू शकत होतो, की 'अमुक ठिकाणी हे खरे ठरले'. या क्षेत्रात ही पद्धत कोठे बसते, इतर पद्धतींच्या मानाने तिचे बरेवाईट काय, हे कोणीतरी अनेक निबंध एकत्र वाचून सांगितलेले नव्हते. ते मी सांगितले असते तर ते माझे मत झाले असते, आणि कोशात लेखकाचे किंवा तपासनिसाचे स्वतःचे संशोधन नको, हा विकिपीडियासारख्या खुल्या कोशांचा दंडक आहे. तो दंडक मला तोपर्यंत हौशी लेखकांसाठी केलेला वाटत असे. विषय जाणणाऱ्यालाच त्याची जास्त गरज आहे, हे त्या वाचनकक्षात कळले, कारण न जाणणारा गप्प बसेल, पण जाणणाऱ्याला रिकामी जागा स्वतःच्या मताने भरून काढण्याचा मोह होतो.

वृत्तपत्रातील बातमीविषयी थोडक्यात सांगते. तीत कोल्हापूरच्या संशोधकाच्या यशाचे कौतुक होते आणि ते वाचून मलाही आनंद झाला होता, परंतु मजकूर शब्दशः संस्थेने दिलेल्या निवेदनाचा होता. एकस्वाचेही तसेच. एकस्व मिळाले म्हणजे ती कल्पना नवी आणि उपयोगात आणण्याजोगी आहे असे ठरले. कोणी ती उपयोगात आणली की नाही, हे त्या कागदावर लिहिलेले नसते.

निर्णय एकट्या उदाहरणावर करू नये म्हणून मी जुनी उदाहरणे आठवून पाहिली. पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झालेले कृष्णस्वामी वेंकटरामन यांनी १९३०च्या दशकात एका रेण्वंतर्गत पुनर्रचनेचा, म्हणजे एकाच रेणूच्या आत अणूंची मांडणी बदलणाऱ्या अभिक्रियेचा, अभ्यास केला. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये विल्सन बेकर यांनीही ती स्वतंत्रपणे दाखवली. ती अभिक्रिया अगदी विशेष प्रकारची आहे, सर्वसामान्य वाचकाने तिचे नाव ऐकलेले नसते. पण वनस्पतींमधील फ्लेव्होन नावाची पिवळी रंगद्रव्ये प्रयोगशाळेत बनवण्यासाठी जगभरच्या रसायनशास्त्रज्ञांनी ती वापरली, पाठ्यपुस्तकांनी ती शिकवली, आणि बेकर-वेंकटरामन हे नाव तिला इतरांनी दिले. विशेष असूनही तिला कोशात जागा आहे, कारण तिच्याविषयी लिहिणारे लोक तिच्या जनकांहून वेगळे आहेत.

दुसरे उदाहरण मला अधिक शिकवून गेले. १९६०च्या दशकात सोव्हिएत संघात अतिशय बारीक काचनळ्यांत घनीभूत झालेल्या पाण्याचे गुणधर्म निराळे आढळले, आणि हे पाण्याचे एक नवेच रूप आहे असा बोरिस डेर्यागिन यांच्या गटाचा दावा होता. 'पॉलिवॉटर' या नावाने ते गाजले, अनेक देशांत त्यावर निबंध लिहिले गेले, आणि शेवटी ते नवे रूप नसून नमुन्यांतील अशुद्ध द्रव्यांचा परिणाम असल्याचे सिद्ध झाले. १९७३ साली डेर्यागिन यांनीही ते मान्य केले. हे संशोधन चुकीचे होते आणि तरीही कोशात त्याला हक्काची जागा आहे, कारण ते का पटले, कसे तपासले गेले आणि कसे खोडले गेले, यावर त्या गटाबाहेरच्या पुष्कळांनी लिहिले आहे. म्हणजे संशोधनाचे खरेपण कोशात येण्यास पुरेसे नाही, आणि खोटे ठरणे कोशाबाहेर राहण्याचे कारण नाही. हे मनात स्पष्ट झाल्यावर माझ्या विद्यार्थ्याच्या नोंदीकडे पाहणे मला सोपे झाले. तिला नकार दिला तर त्याच्या रसायनाला नकार दिला असे होत नव्हते.

एका रविवारी मी त्याला राजारामपुरीतल्या घरी बोलावले. पत्राने कळवणे मला बरे वाटेना. तो चहा घेईपर्यंत गप्प होता. मी गठ्ठ्यांची वही पुढे केली, त्याने ती लक्ष देऊन वाचली आणि म्हणाला, "मॅडम, चार वर्षं त्या चार चंचुपात्रांसमोर उभा होतो मी. एका थराला दोनशे वेळा पट्टी बुडवायची, हातानं. एखाद्याचा एक सिनेमा पडद्यावर आला की त्याची नोंद होते, आणि ह्याची होत नाही?"

मी म्हटले, "अरे, तू किती वेळ उभा होतास हे मला माहीत आहे. पण सिनेमावाल्याची नोंद त्याच्या कष्टावर होत नाही, त्याच्याविषयी चार परक्या माणसांनी सविस्तर लिहिलं म्हणून होते. ज्याच्याविषयी लिहिलं नाही, त्याचीही आम्ही परत पाठवतो."

मग त्याने जो मुद्दा मांडला तो मला आजही बिनतोड वाटतो. तो म्हणाला, "इंग्रजीत कधीतरी कोणी समीक्षालेख लिहील. मराठीत कोण लिहिणार? मराठीत स्वतंत्र साधन असावं असं म्हणत बसलो, तर मराठी वाचकाला रसायनातलं नवं काहीच मिळणार नाही." यातील अर्ध्या भागाचे उत्तर माझ्याकडे होते: साधन कोणत्याही भाषेतले चालते, नोंद फक्त मराठीत हवी. उरलेल्या अर्ध्याचे उत्तर नव्हते. मराठीत विज्ञानाची समीक्षा फार थोडी होते हे खरे आहे, आणि ती उणीव ज्ञानकोशाने स्वतः समीक्षक होऊन भरून काढावी असे मला वाटत नाही, पण ती उणीव आहे हे त्याच्यासमोर मी मान्य केले.

मी त्याला वाचकाची बाजू सांगितली. आपल्या शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत ओतशाळा आहेत, तेथे भट्टीच्या आसपास कार्बन मोनॉक्साइडसारख्या वायूंची काळजी घ्यावी लागते. एखादा कारखानदार वायुसंवेदक म्हणजे काय हे पाहायला कोश उघडतो आणि त्याला तुझ्या पद्धतीची चार पानी नोंद दिसते. ती प्रयोगशाळेतील पट्टी आहे, बाजारातले उपकरण नाही, हे नोंदीत लिहिलेले असले तरी कोशात स्वतंत्र नोंद असणे हेच त्याला सांगते, की ही मान्यता पावलेली गोष्ट आहे. शोधनिबंध वाचणाऱ्याला त्यातील दाव्याचे वजन कसे करायचे ते माहीत असते. कोशाच्या वाचकाने ते काम आपल्यावर सोपवलेले असते. तो ऐकत होता, पण पटल्याचे त्याने म्हटले नाही, आणि मीही तसा आग्रह धरला नाही.

तो गेल्यावर मला एक साधी गोष्ट सुचली, जी खरे तर पहिल्या दिवशी सुचायला हवी होती. त्याने ज्या मूळ पद्धतीत फेरफार केला, त्या पद्धतीची तरी नोंद आमच्या कोशात आहे का, हे मी पाहिले. नव्हती. ज्या तत्त्वावर ती उभी आहे त्या अधिशोषणाची, म्हणजे पृष्ठभागावर पदार्थ धरून ठेवला जाण्याची, नोंद तीन ओळींची होती. फांदी नसताना आम्ही पान कोठे लावायचे यावर भांडत होतो.

ती मूळ पद्धत संशोधकांच्या बोलण्यात 'सिलार' या आद्याक्षरी नावाने ओळखली जाते. मराठीत तिला 'क्रमवार आयनथर अधिशोषण आणि अभिक्रिया' म्हणता येईल. १९८५ साली निकोलाउ यांनी ती मांडली. तिची कसोटी मी त्याच वहीत, त्याच तीन प्रश्नांनी घेतली: जनकांपलीकडे कोणी वापरली का, कोणी तिच्याविषयी सविस्तर लिहिले का, आणि अनेक निबंध एकत्र वाचून कोणी तिचे मूल्यमापन केले का. तिन्ही उत्तरे मिळाली आणि तिसऱ्या उत्तरापाशी मला मनापासून आनंद झाला. धातूंच्या सल्फाइड, सेलेनाइड वर्गातील संयुगांचे थर या पद्धतीने कसे चढवले जातात याचा विस्तृत समीक्षालेख २००४ साली भारतीय विज्ञान अकादमीच्या एका नियतकालिकात आला होता, आणि तो शिवाजी विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र अधिविभागातील दोघा संशोधकांनी लिहिला होता. ज्या ग्रंथालयात मी बसले होते तेथून चालत पाच-दहा मिनिटांवर तो लिहिला गेला होता. कोल्हापूरचे नाव कोशात यावे ही माझी इच्छा मी लपवत नाही. ते असे येणार असेल तर त्यासाठी कोणताही नियम वाकवावा लागत नव्हता.

नोंद मी आणि त्या तरुणाने मिळून लिहिली. त्याने लगेच होकार दिला नाही, आठ दिवसांनी दिला. पद्धत समजायला अवघड नाही. चार चंचुपात्रे ओळीने मांडायची. पहिल्यात धातूच्या क्षाराचे द्रावण, दुसऱ्यात शुद्ध पाणी, तिसऱ्यात उदाहरणार्थ सोडियम सल्फाइडचे द्रावण, चौथ्यात पुन्हा शुद्ध पाणी. काचेची पट्टी पहिल्या पात्रात बुडवली की धातूचे धनायन, म्हणजे धनभारित कण, तिच्या पृष्ठभागाला चिकटतात. दुसऱ्या पात्रात सैल राहिलेले आयन धुऊन जातात. तिसऱ्यात चिकटलेल्या धनायनांशी सल्फाइड आयनांची अभिक्रिया होऊन न विरघळणाऱ्या सल्फाइडचा थर बनतो. चौथ्यात उरलेसुरले निघून जाते. ही एक फेरी झाली. फेऱ्या मोजून थराची जाडी राखता येते. निर्वात यंत्रणा लागत नाही, भट्टी लागत नाही, बहुतेक वेळा खोलीचे तापमान पुरते, आणि भारतातील साध्या प्रयोगशाळांनी ही पद्धत आपलीशी का केली हे यावरूनच उमगते. सर्व द्रव्ये एकाच भांड्यात घालून थर बसवण्याच्या जुन्या पद्धतीत बराच अवक्षेप भांड्याच्या तळाशी साचून वाया जातो. येथे मधल्या धुण्यामुळे तसे होत नाही.

शब्दांवर आमचा बराच वेळ गेला. 'अधिशोषण' आणि 'शोषण' यांतला फरक न सांगता पुढे जाणे अशक्य होते: स्पंज पाणी आत ओढून घेतो ते शोषण, आणि कोळशाच्या पृष्ठभागावर रंगद्रव्य धरून ठेवले जाते ते अधिशोषण. 'थिन फिल्म' तसेच ठेवावे असे त्याचे मत होते, 'पातळ थर' लिहावे असे माझे. शेवटी शीर्षकात 'पातळ थर' आणि पहिल्या ओळीत 'थिन फिल्म' असे दोन्ही ठेवले, कारण विद्यार्थी शोधताना दुसराच शब्द टाकणार.

मसुदा तयार झाल्यावर मी तो आमच्या गल्लीत राहणाऱ्या एका चांदी कारागिरांना वाचायला दिला. ते मूळचे हुपरीचे, पन्नास वर्षे दागिन्यांच्या कामात आहेत, काही वर्षे सोन्याचे कामही केले आहे. तज्ज्ञ वाचकांनी तो मसुदा 'उत्तम' म्हणून परत केला होता. यांनी दोन दिवस ठेवून घेतला आणि मग स्वतः घरी आले.

"बाई, मुलामा द्यायचा म्हणजे वीज सोडावी लागती," ते म्हणाले. "ह्यात वीज कुठनं येती?"

वीज नसतेच, हे आम्ही दोघांनी कोठेही लिहिले नव्हते. आम्हाला ते इतके उघड होते, की सांगण्याजोगे वाटले नाही. परंतु कोल्हापूर परिसरात धातूवर थर चढवणे म्हणजे विजेने मुलामा देणे हे हजारो हातांना माहीत आहे, आणि त्या माहितीच्या शेजारी ही नवी माहिती ठेवली तरच ती पक्की बसते. मी त्यांच्यासमोरच वाक्य लिहिले: या पद्धतीत विद्युतप्रवाह वापरला जात नाही, म्हणून वीज न वाहणाऱ्या काचेवर किंवा प्लॅस्टिकवरही थर चढवता येतो.

ते निघण्यासाठी उठले आणि दारात थांबून त्यांनी उदाहरणातील एका शब्दावर बोट ठेवले. पिवळ्या थराचे उदाहरण म्हणून आम्ही कॅडमियम सल्फाइड घेतले होते. "हे कॅडमियम म्हणजे केडीएममधलंच न्हवं का? सांधायला वापरायचो आम्ही. त्याचा धूर लई वंगाळ. मग हे पट्टी धुतलेलं पाणी तुम्ही टाकता कुठं?"

सोन्याचे दागिने सांधण्यासाठी कॅडमियम वापरले जाई आणि त्याच्या धुराने कारागिरांच्या फुप्फुसांना इजा होते, म्हणून ते मागे पडले, हे मला माहीत होते. कॅडमियम मूत्रपिंडांनाही घातक आहे, आणि जपानमधील जिंझू नदीच्या खोऱ्यात खाणींतून आलेल्या कॅडमियममुळे लोकांची हाडे ठिसूळ करणारा जो आजार झाला तो तेथील सरकारने १९६८ साली प्रदूषणजन्य रोग म्हणून मान्य केला, हेही मी वर्गात शिकवले होते. पण चार पात्रांतील दोन पात्रे धुण्याची आहेत आणि दर फेरीत त्या पाण्यात थोडे कॅडमियम उतरते, हे आमच्या नोंदीत नव्हते. त्या तरुणाच्या पहिल्या नोंदीतही नव्हते, आणि त्याच्या २६ संदर्भांपैकी मी उघडलेल्या एकाही निबंधात मला ते आढळले नव्हते.

मी त्याच रात्री त्याला फोन केला. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, की त्यांच्या प्रयोगशाळेत धुण्याचे पाणी वेगळ्या कॅनमध्ये साठवत असत, कोणी ते कधी लिहिले नाही इतकेच. त्या वाक्याला आधार लागेल, असे मी सांगितले. त्याला ते माझ्याआधीच माहीत होते. चार दिवसांत त्याने कॅडमियमयुक्त सांडपाण्यावरील दोन समीक्षालेख शोधून पाठवले. त्यांतले एकही नाव त्याच्या संस्थेतले नव्हते आणि नोंदीतील तो परिच्छेद त्यानेच लिहिला.

त्याच्या मूळ नोंदीच्या पानावर मी पहिला शेरा खोडून नवा लिहिला: 'स्वतंत्र नोंद सध्या ठेवू नये. रसायन निर्दोष आहे. एका बाहेरच्या प्रयोगशाळेने मुख्य निष्कर्ष पडताळला आहे. या पद्धतीची इतर पद्धतींशी तुलना करणारे, लेखकगटाशी संबंध नसलेले समीक्षालेख किंवा पाठ्यपुस्तकातील विवेचन उपलब्ध झाल्यास ही नोंद पुन्हा उघडावी. मजकूर जपून ठेवला आहे.' सांगलीच्या सरांनी खाली सही केली. मूळ पद्धतीच्या नोंदीत त्याच्या फेरफाराचे एक वाक्य घालावे का, हे मी त्याला विचारले होते. त्याने नको म्हटले. सध्या तो अधिशोषणाची ती तीन ओळींची नोंद वाढवतो आहे आणि पहिला मसुदा घेऊन परवा थेट चांदी कारागिरांकडेच गेला होता.